सुट्टी लागते, आणि घर रिकामं होतं

दिवाळीची सुट्टी कशासाठी असते, असं पुण्यातल्या एखाद्या पोराला विचारा. किल्ला, फराळ, मामाचं गाव, असं काहीतरी सांगेल. आमच्या बीड जिल्ह्यातल्या कितीतरी पोरांसाठी मात्र ती आईबापाला ट्रकमध्ये बसवून द्यायची सुट्टी. किंवा त्यांच्याबरोबर स्वतःच चढायची.

दसरा झाला की शिरूर कासार, पाटोदा, धारूर, वडवणी या तालुक्यांतली गावं हलायला लागतात. पत्र्याच्या पेट्या, बाजरीची पोती, चुलीसाठीचं सरपण, एखादी शेळी, आणि या सगळ्याच्या मधे जिथे जागा सापडेल तिथे पोरं. ट्रक सांगली, कोल्हापूर, साताऱ्याकडे जातो, नाहीतर थेट कर्नाटकात. परत यायचं ते मार्च-एप्रिलमध्ये, कारखान्याचा पट्टा पडला की.

आता गंमत बघा. (गंमत कसली!) शाळेचं वर्ष जूनमध्ये सुरू होतं आणि एप्रिलमध्ये परीक्षा होऊन संपतं. कारखान्याचं वर्ष दिवाळीच्या आगेमागे सुरू होतं आणि उन्हाळ्याच्या तोंडावर संपतं. म्हणजे शाळेचं अख्खं दुसरं सत्र कारखान्याच्या पोटात. पोरगं परत येतं तेव्हा वर्गात परीक्षा चालू असते, नाहीतर उन्हाळ्याची सुट्टी लागलेली असते.

हे असं का झालं, त्याला इतिहास आहे. प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटलांच्या पुढाकारानं सहकारी साखर कारखाना उभा राहिला, 1950-51 च्या हंगामात त्याचं गाळप सुरू झालं. पुढच्या दोन-तीन दशकांत पश्चिम महाराष्ट्रात सहकारी कारखाने वाढत गेले. पाणी तिकडे, ऊस तिकडे. आमच्याकडे बालाघाटाचे डोंगर, हलकी जमीन, आणि पावसावरचं एक पीक. 1972 च्या दुष्काळानं उरलंसुरलं मोडलं. ऊस तोडायला हात हवे होते आणि आमच्याकडे हातांशिवाय काही नव्हतं.

पण माणसं जगभर कामासाठी स्थलांतर करतात. बाप जातो, आई घरी राहते, पोरं शाळेत जातात. ऊसतोडीत तसं होत नाही, कारण तिथलं माप वेगळं आहे. तिथे मजूर मोजत नाहीत, 'कोयता' मोजतात, आणि एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. त्यानं तोडायचं, तिनं मोळ्या बांधून वाहायच्या. मुकादम पावसाळ्यातच उचल देतो ती या जोडीला. एकटा गेला तर तो अर्धा कोयता! उचल घेतली की दोघांनी जायचंच. मग पोरांचं काय, हा प्रश्न त्या हिशेबात कुठेच बसत नाही.

घरात म्हातारी असेल तर पोरं तिच्यापाशी राहतात. नसेल तर ट्रकमध्ये. तिकडे कोपीत मोठी पोरगी धाकट्याला सांभाळते, पाणी भरते, भाकरी थापते. पोरगा वाढं गोळा करतो. दोन-तीन हंगाम असे गेले की तो बापाबरोबर फडात उतरलेला असतो.

यावर उपाय झाले नाहीत असं नाही. पहिला विचार आला की पोरं जिथे जातात तिथे शाळा न्यावी. त्यातून कारखान्यांवर साखरशाळा निघाल्या. औरंगाबादच्या (आता छत्रपती संभाजीनगर) 'जनार्थ' संस्थेनं यात पुष्कळ काम केलं. बैलगाडीवाल्या टोळ्या कारखान्याजवळच तळ टाकतात, तिथे अशी शाळा चालू शकते. पण ट्रक-ट्रॅक्टर भरणारी टोळी फड बदलेल तसा मुक्काम हलवते, आणि कर्नाटकात गेलेल्यांना तर जवळच्या गावातली शाळाही कानडीच मिळते.

दुसरा विचार बरोबर उलटा, पोरांना गावातच ठेवावं. दीपक आणि कावेरी नागरगोजे यांनी 2000 साली शिरूर कासार तालुक्यातल्या आर्वीला 'शांतिवन' सुरू केलं ते याच पोरांसाठी. पुढे सरकारनं गावोगावी हंगामी वसतिगृहं काढली. 1 एप्रिल 2010 पासून शिक्षणहक्क कायदा लागू झाला आणि सहा ते चौदा वयाच्या प्रत्येक पोराला वयानुसार वर्गात बसायचा हक्क मिळाला. 2021 मध्ये संत भगवानबाबांच्या नावानं 41 तालुक्यांत 82 शासकीय वसतिगृहांची योजना आली.

हे सगळं चांगलंच आहे. पण माझी आई पाटोदा तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती (आमच्या भावंडांना हे आठवत असेल), आणि तिचा अनुभव असा की पोरगं टिकतं की गळतं हे दोन दिवसांत ठरतं. एक, दिवाळीनंतर शाळा उघडते तो दिवस. दुसरा, हंगामाहून परत आलेलं पोर वर्गाच्या दारात उभं राहतं तो.

पहिल्या दिवसासाठी ती दसऱ्याआधीच घरोघर जायची. पोरांच्या आयांशी नाही, आज्यांशी बोलायला. "म्हातारे, तुझ्यानं दोघांचं होईल का? धाकटीला शाळेत संगं आणलं तरी चालंल." त्या एका वाक्यावर कितीतरी पोरी मागे राहिल्या. धाकटी शाळेत चालते म्हटल्यावर थोरलीला घरी बसवायचं कारण उरायचं नाही.

दुसऱ्या दिवसाचा तिचा नियम एकच, "इतके दिवस कुठं होतास?" हे विचारायचं नाही. कुठे होता ते सगळ्या गावाला माहीत असतं. त्याला त्याच्या जुन्या जागेवर बसवायचं, आणि तिकडे किती टनाची खेप भरली, काट्यावर किती वजन आलं, हे फळ्यावर मांडून त्याच्याकडूनच गणित सोडवून घ्यायचं. आई म्हणते, अक्षर विसरलेलं पोर महिन्याभरात पुन्हा लिहितं. लाजलेलं पोर परत येत नाही.

2020 च्या लॉकडाऊनमध्ये टोळ्या कारखान्यांवरच अडकल्या, एप्रिलमध्ये त्यांना घरी यायची परवानगी मिळाली. त्या वर्षी पुढच्या हंगामाला निघायची वेळ आली तरी गावच्या शाळा बंदच होत्या. पोराला मागे ठेवायचं तर कशासाठी? आईच्या ओळखीतली काही पोरं तेव्हा ट्रकमध्ये चढली, आणि त्यातली सगळी पुन्हा बाकावर दिसली नाहीत.

म्हणून मला वाटतं, योजना वसतिगृहाच्या खाटा मोजतात ते ठीकच, पण मागे राहिलेल्या आजीचाही हिशेब कुणीतरी ठेवायला हवा. सत्तरीची बाई, गुडघे दुखतात, चार नातवंडं, आणि सहा महिने घरात दुसरं मोठं माणूस नाही. दुसऱ्या सत्राची शाळा तिच्या जिवावर चालते.

आपल्यापैकी बरेच जण दिवाळीला गावाकडे जातो. यंदा निघायच्या आधी वस्तीवर एक चक्कर मारा. कुणाच्या घरी म्हातारी एकटी पोरं घेऊन बसली आहे ते बघा, पोरांची नावं विचारून घ्या. आणि शाळा उघडेल त्या दिवशी सकाळी फोन करून एवढंच विचारा, "पोरं गेली का शाळेत?"

असो. आईनं हे वाचलं की म्हणेल, एवढं लांबण कशाला लावलंस!