अश्रू नसलेली मुले

१९४९ साली न्यूयॉर्कच्या कॉनरॅड रायली आणि रिचर्ड डे या डॉक्टरांनी सहकाऱ्यांसह पाच मुलांची हकीकत प्रसिद्ध केली. ही मुले रडत, पण डोळ्यांत पाणी येत नसे. रक्तदाब एकाएकी चढे, अंगावर लाल चट्टे उठत. ‘फॅमिलियल डिसऑटोनोमिया’ हा तो आजार. तो मुख्यतः पूर्व युरोपीय वंशाच्या ज्यू कुटुंबांत आढळतो. आईवडील निरोगी, पण दोघेही सदोष जनुकाचे वाहक असतात.

हे जनुक सापडायला २००१ साल उजाडले. बहुतेक सर्व रुग्णांत दोष एकच, आणि तोही एका अक्षराचा: थायमिनच्या जागी सायटोसिन. त्यामुळे आरएनए जुळवताना पेशी जनुकाचा विसावा तुकडा गाळते.

इथे चाणाक्ष विद्यार्थी विचारील, दोष सर्व पेशींत आहे, मग हाल फक्त चेतापेशींचेच का? प्रश्न रास्त आहे. त्वचेच्या पेशी तो तुकडा बऱ्याचदा गाळत नाहीत. चेतापेशी फार वेळा गाळतात. पण हे जवळून पाहायचे कसे? मुलाच्या चेतापेशी काढून घेता येत नाहीत, आणि बिघाड तर गर्भातच सुरू झालेला असतो. मृत्यूनंतरची तपासणी म्हणजे पडलेल्या घराच्या विटा मोजणे.

वाट निघाली जपानमध्ये. क्योटोच्या शिन्या यामानाका यांनी २००६ साली उंदराच्या, तर २००७ साली माणसाच्या त्वचेच्या पेशींत चार जनुके घालून त्यांना मूलपेशींसारखे बनवले. २००९ मध्ये न्यूयॉर्कच्याच स्लोन-केटरिंग संस्थेत गॅबसांग ली आणि लोरेन्झ स्टुडर यांनी रुग्ण मुलांच्या त्वचेपासून अशा मूलपेशी केल्या आणि त्यांतून चेतापेशींच्या पूर्वज पेशी वाढवल्या. गर्भात या पेशी पाठीच्या कण्यालगतच्या जागेहून निघून दूरवर वस्ती करतात. काचेच्या बशीत दिसले ते असे: रुग्णांच्या पेशींत निर्दोष आरएनए फारच थोडा, त्यांपासून चेतापेशी कमी तयार होतात, आणि त्या नीट सरकतही नाहीत.

त्यांच्यावर कायनेटिन वापरून पाहिले. वनस्पतिशास्त्राच्या शिक्षकांना हे नाव परिचित असेल: १९५५ साली हेरिंग माशाच्या शुक्रपेशींतील डीएनएपासून मिळालेले, वनस्पतींच्या पेशींचे विभाजन घडवणारे तेच द्रव्य! ते विसावा तुकडा गाळू देत नाही, हे २००४ साली लक्षात आले होते. बशीतही आरएनए सुधारला, चेतापेशी अधिक तयार झाल्या. पेशींचे सरकणे मात्र सुधारले नाही.