रेडिंग: बिस्किटांचं गाव आणि विसातलं एक घर

स्पेलिंग बघून कुणीही 'रीडिंग' म्हणेल, पण उच्चार 'रेडिंग'. लंडनच्या पश्चिमेला साठेक किलोमीटरवर, केनेट नदी थेम्सला मिळते तिथे वसलेलं गाव. ऑनसाइटमुळे आयटीवाल्यांना हे नाव नवं नाही. इथल्या मोठ्या मॉलचं नाव 'ओरॅकल'. आपली पहिली समजूत ठरलेली, डेटाबेसवाल्यांचा असणार! तर तसं काही नाही. जॉन केंड्रिक नावाचा कापडाचा व्यापारी १६२४ मध्ये वारला. गावातल्या गरीब विणकरांना काम मिळावं म्हणून त्याने साडेसात हजार पौंड ठेवले होते. त्यातून जी वास्तू उभी राहिली तिला पुढे ओरॅकल म्हणू लागले. १९९९ च्या मॉलने ते नाव उचललं, इतकंच.

त्याच्याही मागे जायचं तर ११२१ मध्ये पहिल्या हेन्री राजाने इथे मोठा मठ बांधला. राजा तिथेच पुरला गेला. १५३९ मध्ये आठव्या हेन्रीने मठ बंद केला आणि मठाधिपतीला फासावर चढवलं. आता भग्न भिंती उरल्यात. असो.

मला यातलं सगळ्यात इंटरेस्टिंग वाटतं ते बिस्किट. एकोणिसाव्या शतकात रेडिंग तीन गोष्टींवर चालायचं: सायमंड्सची बिअर, सटनचं बियाणं आणि हंटली अँड पामर्सची बिस्किटं. जोसेफ हंटलीने १८२२ मध्ये लंडन स्ट्रीटवर बेकरी काढली. समोर क्राउन नावाची सराय होती, बाथच्या रस्त्यावरच्या घोडागाड्या तिथे थांबायच्या. प्रवासी बिस्किटं घ्यायचे, पण पुढच्या प्रवासात त्यांचा चुरा व्हायचा. हंटलीच्या धाकट्या मुलाचं पत्र्याच्या सामानाचं दुकान रस्त्यापलीकडेच. त्याने डबे करून दिले! थोडक्यात, पॅकेजिंगचा प्रॉब्लेम घरच्या घरी सुटला.

१८४१ मध्ये जॉर्ज पामर भागीदार झाला. हे सगळे क्वेकर. त्या काळात अशा पंथीयांना ऑक्सफर्ड-केंब्रिजची दारं जवळपास बंदच होती, त्यामुळे हुशार मुलं धंद्यात उतरायची. १८४६ मध्ये पामरने केनेटच्या काठी यंत्रांवर चालणारा कारखाना उभारला. नदी-कालव्यातून बोटी येत होत्या, आणि १८४० पासून रेल्वेही होती. १९०० च्या सुमारास तिथे पाच हजारांहून जास्त माणसं कामाला होती, आणि गावाची लोकसंख्या सत्तर हजारांच्या आसपास. म्हणजे घरटी नाही तरी गल्लीटी कुणीतरी बिस्किटवाला असणारच.

पामर मंडळी दानशूर होती. जॉर्ज पामर महापौर झाला, खासदार झाला, गावाला पार्क दिलं. गावातल्या कॉलेजलाही या कुटुंबाने सढळ हाताने पैसा आणि जमीन दिली. १९२६ मध्ये त्याच कॉलेजचं रेडिंग विद्यापीठ झालं.

आता गंमत बघा. त्याच कॉलेजात आर्थर बाउली नावाचे प्राध्यापक गणित आणि अर्थशास्त्र शिकवत. १९१२ मध्ये त्यांनी रेडिंगमधल्या कामगारवस्तीची पाहणी केली. घरोघर फिरणं परवडणारं नव्हतं, म्हणून त्यांनी यादीतून ठरावीक अंतराने साधारण विसातलं एक घर निवडलं. आज आपण ज्याला सॅम्पल सर्व्हे म्हणतो त्याच्या अगदी सुरुवातीच्या उदाहरणांपैकी हे एक. निकाल मात्र झोंबणारा होता. कामगारवर्गातले २५ ते ३० टक्के लोक दारिद्र्यरेषेखाली! ही रेषा राउंट्रीने आखलेली (तोही क्वेकर, यॉर्कच्या चॉकलेटवाल्या घराण्यातला). आणि दारिद्र्याचं मोठं कारण दारू नव्हे, आळस नव्हे, बेकारीसुद्धा नव्हे. घरचा कर्ता रोज कामावर जात होता, पण अकुशल कामाचा पगारच पुरेसा नव्हता.

हा दोष एकट्या बिस्किट कारखान्याचा म्हणता येणार नाही. पण गावातली सगळ्यात मोठी नोकरी तीच होती, तेव्हा अंग झटकताही येणार नाही. पार्क मिळालं, कॉलेज मिळालं, पण ते मालकाच्या मर्जीने. पगाराचं तसं नसतं, तो हक्काचा असतो. मला पामर वाईट माणूस वाटत नाही. पण 'कंपनी किती चांगली, कँटीन बघ, जिम बघ' असं कुणी सांगू लागलं की हल्ली मला बाउलींची यादी आठवते.

पुढे १९२१ मध्ये कंपनी पीक फ्रीन या स्पर्धकाबरोबर एका छत्राखाली आली. (याच पीक फ्रीनने १९२४ मध्ये आपल्या ब्रिटानियाचा ताबा घेतला, म्हणजे आपल्या चहातल्या बिस्किटाचं नातं लांबून का होईना, तिथवर जातं.) १९७६ मध्ये रेडिंगचा कारखाना बंद पडला. त्याच वर्षी सटनवाले टॉर्कीला गेले. सायमंड्स त्याआधीच, १९६० मध्ये, करेज कंपनीत विलीन झाली होती.

गाव मात्र ओस पडलं नाही. नदी, रस्ता, रेल्वे आणि लंडनची जवळीक तिथेच होती. सॉफ्टवेअर कंपन्या आल्या, थेम्सच्या काठी मायक्रोसॉफ्टने ऑफिस थाटलं. फुटबॉल क्लबचं टोपणनाव आधी 'बिस्किटमेन' होतं, ते बदलून 'रॉयल्स' केलं. मला विचाराल तर जुनंच बरं होतं.