यीस्टचा रस आणि प्राणशक्तीचें कोडें

आंबोळीचें पीठ रात्रीं ठेवावें आणि सकाळीं तें फुगून वर यावें, हा चमत्कार घरोघरीं परिचयाचा आहे. द्राक्षरसाची दारू होणें ही त्याच जातीची क्रिया. ती घडते कशी, या प्रश्नावर एकोणिसाव्या शतकांत युरोपीय पंडितांत मोठा वाद माजला. जर्मनीचा लीबिग म्हणे, हा केवळ रासायनिक विघटनाचा व्यापार आहे. फ्रान्सच्या पाश्चरनें मात्र प्रयोगांनीं दाखविलें कीं, यीस्टच्या जिवंत पेशींवांचून साखरेची दारू होत नाहीं. पाश्चरचा पक्ष सरस ठरला. आणि पेशींत कांहीं अगम्य प्राणशक्ति वसते, तिच्यापुढें रसायनशास्त्रास हात टेकावे लागतात, ही समजूतही बळावली.

ती ढळली एका भलत्याच खटपटींतून. १८९६ सालीं म्यूनिक येथें हान्स बुख्नर हा जंतुशास्त्रज्ञ यीस्टचा रस औषधोपयोगी होईल काय, हें पाहत होता. त्यासाठीं यीस्ट वाळूबरोबर खलांत घोटून, तो लगदा कापडांत बांधून दाबयंत्राखालीं पिळीत. रस लवकर नासे. म्हणून मुरंबा पाकांत टिकतो त्या न्यायानें त्यांत भरपूर साखर घातली. तों रसांतून बुडबुडे येऊं लागले! हान्सचा धाकटा भाऊ एडुआर्ड यानें त्याचें मर्म ओळखलें: पेशी फुटल्या होत्या, तरी साखरेची दारू होतच होती. १८९७ सालीं त्यानें हा शोध प्रसिद्ध केला. रसांत जिवंत कण उरले असतील, असा आक्षेप आला. त्यानें रस सूक्ष्म गाळणींतून गाळला, त्यांत क्लोरोफॉर्म मिसळला. तरी क्रिया थांबली नाहीं. १९०७ सालीं त्यास नोबेल पारितोषिक मिळालें.

बुख्नरनें या कार्यकारी द्रव्यास 'झायमेज' असें नांव दिलें. पुढें कळलें कीं, तें एक द्रव्य नसून सुमारें बारा एन्झाइमांची सांखळी आहे. एन्झाइम म्हणजे काय, याचा उलगडा १९२६ सालीं अमेरिकेंत सम्नरनें केला. एका शेंगेच्या बियांतून त्यानें यूरिएज नांवाच्या एन्झाइमाचे स्फटिक काढले आणि तें प्रथिन असल्याचें दाखविलें. १९६५ सालीं लंडन येथें फिलिप्स व त्याचे सहकारी यांनीं क्ष-किरणांच्या साह्यानें लायसोझाइम या एन्झाइमाची घडण उकलली. त्याच्या रेणूवर एक खोबण आढळली. तींत ठराविक द्रव्याचाच रेणु बसतो, तेथें त्याचा बंध तुटतो, आणि प्रथिन पुढील रेणूसाठीं मोकळें होतें.

साखर फोडणारी बहुतेक तीच सांखळी धांवणाऱ्या माणसाच्या स्नायूंतही चालते. प्राणशक्तीचें नांव घेऊन जेथें विचार थांबला होता, तेथूनच जीवरसायनशास्त्राची वाट सुरू झाली.