सँड डॉलर

समुद्रतळाच्या वाळूत राहणारा, पापडासारखा चपटा, कंटकचर्मी संघातील प्राणी. तारामासा आणि समुद्री काकडी हे त्याचे भाऊबंद. काटेरी, गोल सी-अर्चिन तर त्याहून जवळचा, कारण दोघेही एकिनॉयडिया या एकाच वर्गात मोडतात. सँड डॉलरच्या बहुतेक जातींचा व्यास ५ ते १० सेंमी. असतो.

पुण्याहून कोकणात फिरायला गेलेल्या मुलांना पुळणीवर कधी कधी पाच पाकळ्यांची नक्षी असलेली पांढरी चकती सापडते. बरेच जण तिला शिंपला समजतात. शिंपला हे मृदुकाय प्राण्याचे अंगाबाहेरचे घर असते. ही चकती मात्र मेलेल्या सँड डॉलरचा सांगाडा असते. प्राणी जिवंत असताना सांगाड्यावर पातळ त्वचा असते आणि त्वचेवर हजारो बारीक काटे असतात. त्यामुळे जिवंत सँड डॉलर पांढरा नसतो. जातीनुसार तो जांभळट, तपकिरी किंवा करडा दिसतो आणि हाताला मखमली लागतो. मेल्यावर काटे गळतात, त्वचा कुजते आणि उन्हाने सांगाडा पांढरा पडतो.

शरीररचना : सांगाडा कॅल्शियम कार्बोनेटच्या तुकड्यांचा बनलेला असतो. हे तुकडे एकमेकांत घट्ट बसलेले असतात. आतल्या बाजूला छताला जमिनीशी जोडणारे बारीक खांब असतात. त्यांच्यामुळे चपटे कवच लाटांच्या माऱ्याने सहज फुटत नाही.

वरच्या पाकळ्या शोभेसाठी नसतात. भिंगातून पाहिले तर पाकळीच्या कडेने बारीक छिद्रांच्या रांगा दिसतात. या छिद्रांतून पातळ नलिकापाद (नळीसारखे पाय) बाहेर येतात आणि पाण्यातला ऑक्सिजन शोषून घेतात. म्हणजे सँड डॉलर पाठीने श्वास घेतो. तोंड खालच्या बाजूला मधोमध असते. तोंडात पाच जबडे आणि पाच दात असतात. या रचनेला ‘ॲरिस्टॉटलचा कंदील’ म्हणतात. वाळलेले अखंड कवच कानाशी धरून हलवले, तर कधी कधी आत सुटे झालेले जबडे खुळखुळतात.

काही जातींच्या कवचाला लांबट खाचा असतात. भारताच्या किनाऱ्यावर आढळणाऱ्या एकिनोडिस्कस प्रजातीत मागच्या बाजूला अशा दोन खाचा असतात. एका जातीत त्या कडेला उघडतात, तर दुसरीत बंद राहतात. चपट्या वस्तूवरून पाणी जोराने वाहिले की ती वर उचलली जाते. खाचांतून खालचे पाणी वर निसटते, त्यामुळे ही उचल कमी होते आणि प्राणी वाळूला धरून राहतो.

अन्न व हालचाल : वाळूच्या कणांना चिकटलेले डायटम (सूक्ष्म शैवल) आणि सेंद्रिय कण हे सँड डॉलरचे मुख्य अन्न. नलिकापाद अन्नाचे कण टिपतात आणि खालच्या बाजूच्या खोबणींतून तोंडाकडे सरकवतात. काट्यांच्या साहाय्याने तो हळूहळू पुढे सरकतो आणि वाळूच्या पातळ थराखाली शिरतो. उत्तर अमेरिकेच्या पॅसिफिक किनाऱ्यावरचा डेंड्रास्टर वाळूत कडेवर उभा राहून वाहत्या पाण्यातले अन्न पकडतो. त्याची पिल्ले लोहयुक्त वाळूचे जड कण गिळून पोटात साठवतात, त्यामुळे ती प्रवाहाबरोबर वाहून जात नाहीत.

जीवनक्रम : नर व मादी वेगळे असतात. मादी अंडी आणि नर शुक्राणू पाण्यात सोडतो आणि फलन पाण्यातच होते. अंड्यातून प्लुटियस नावाची सूक्ष्म डिंभके (अळ्या) बाहेर पडतात. डिंभकाला लांब भुजा असतात आणि त्याचे शरीर डावे-उजवे सारखे असते. काही आठवडे तरंगल्यावर ते वाळूवर उतरते आणि पाच भागांचा छोटा सँड डॉलर तयार होतो. डॉन वॉन आणि रिचर्ड स्ट्रॅथमन या अमेरिकी संशोधकांनी २००८ मध्ये दाखवून दिले, की पाण्यात माशाच्या अंगावरचा बुळबुळीत स्राव मिसळला तर डेंड्रास्टरची डिंभके दुभंगून एकाची दोन होतात. ती आकाराने आणखी लहान होत असल्याने माशांच्या नजरेतून सुटण्याची शक्यता वाढते. तारामासे, खेकडे, काही मासे आणि शंखातील गोगलगायी हे सँड डॉलरचे शत्रू आहेत.

अधिवास : त्याला वाळू लागते. कातळ किंवा खाडीचा दाट चिखल त्याला मानवत नाही. ओहोटीच्या रेषेजवळ आणि त्याखालच्या उथळ तळावर तो राहतो. अनुकूल जागी डेंड्रास्टरसारखे सँड डॉलर एका चौरस मीटरमध्ये शेकडोंनी आढळतात. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात ओहोटीचे पाणी नेहमीपेक्षा लांब जाते, तेव्हा वाळूचा जास्त भाग उघडा पडतो आणि कवचे शोधणे सोपे जाते.

जीवाश्म : सी-अर्चिन डायनोसॉरच्याही आधीपासून पृथ्वीवर आहेत, पण सँड डॉलर त्या मानाने नवे आहेत. त्यांचे जीवाश्म डायनोसॉर नष्ट झाल्यानंतरच्या खडकांतच मिळतात. पुण्याच्या जंगली महाराज रस्त्यावरची पाताळेश्वर लेणी ज्या काळ्या पाषाणात कोरली आहेत, तो सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा आहे. म्हणजे पुण्याच्या पायाखालचा दगड सँड डॉलरच्या जीवाश्मांहून जुना आहे. शिवाय तो लाव्हाचा असल्याने त्यात समुद्री प्राण्यांचे जीवाश्म मिळत नाहीत.

 

किनाऱ्यावर चकती सापडली तर आधी ती नीट न्याहाळावी. पांढरी, कोरडी आणि काटे झडलेली असेल तर ते रिकामे कवच आहे. रंगीत आणि मखमली असेल, काटे हलत असतील, तर प्राणी जिवंत आहे. पाण्याबाहेर तो फार काळ तगत नाही, म्हणून त्याला लगेच उथळ पाण्यातल्या वाळूवर, तोंडाची बाजू खाली करून ठेवावे.