फ्रेजल व्हर्ब
इंग्रजीत मूळ क्रियापदाला 'अप', 'ऑफ', 'आउट' असा छोटा शब्द जोडून तयार होणारा, वेगळ्या अर्थाचा शब्दबंध (पहा: संयुक्त क्रियापद).

सॅम्युएल जॉन्सन यांनी 1755च्या कोशाच्या प्रस्तावनेत या रूपांची अडचण नोंदवली. ही संज्ञा लोगन पिअर्सल स्मिथ यांच्या 1925च्या ग्रंथातून रूढ झाली.

'गिव्ह' म्हणजे देणे, पण 'गिव्ह अप' म्हणजे सोडून देणे. 'टर्न ऑफ द लाइट' चालते, 'टर्न द लाइट ऑफ'ही चालते. सर्वनाम मात्र मधेच बसते: 'टर्न इट ऑफ'. मराठी विद्यार्थी नेमका इथेच अडखळतो.

मराठी बोलण्यात सर्वत्र ही रूपे मराठी क्रियापदाच्या आधाराने येतात: 'फोन स्विच ऑफ आहे', 'लॉग आउट कर'. 'तो लॉग आउट झाला', 'ती लॉग आउट झाली' यांत लिंग-वचन 'होणे'च दाखवते.