तबकडीवरची कामिनी

'महल' ऑक्टोबर १९४९मध्ये पडद्यावर आला. त्यातल्या ज्या गाण्याने लता मंगेशकर हे नाव घरोघरी पोचवलं, त्या गाण्याच्या पहिल्या तबकडीवर ते नाव नाही. गायिका म्हणून छापलं आहे 'कामिनी'. ते पडद्यावर मधुबालाने केलेल्या पात्राचं नाव! आमचा चाकूर-अहमदपूरचा मुलूख तेव्हा निजामाच्या राजवटीतून सुटून जेमतेम वर्ष झालं होतं. इथे कोणी ती तबकडी घेतली असेल, तर त्याच्या लेखी गाणारी बाई कामिनीच.

म्हणजे कागद समकालीन आहे, छापील आहे, खुद्द कंपनीचा आहे, आणि तरीही गायिकेबाबत दिशाभूल करणारा आहे. मग तबकडी वाचायची कशी? दहा इंची लाखेची तबकडी उजेडात तिरकी धरा. चर संपतात आणि लेबल सुरू होतं, त्यांच्यामधल्या गुळगुळीत पट्टीत बारीक आकडे दिसतात. तो मॅट्रिक्स क्रमांक. लेबल छापखान्यातून येतं, हा आकडा मात्र साच्यातूनच उमटतो. त्यावरून ध्वनिमुद्रणांचा क्रम लावता येतो. गाणारीचं नाव त्यातही नसतंच. श्रोत्यांनी रेडिओकडे विचारणा केली आणि त्यातून खरं नाव बाहेर आलं, अशी हकीकत सांगतात. ती पटण्याजोगी आहे, पण तिचा दर्जा आठवणीचा.

आता मागे जाऊ. लताबाईंचं पहिलं गाणं कोणतं, या प्रश्नाचं रूढ उत्तर आहे १९४२च्या 'किती हसाल' या चित्रपटातलं. दिग्दर्शक वसंत जोगळेकर, संगीत सदाशिवराव नेवरेकर. लताबाईंचं वय तेव्हा बारा-तेरा. गाणं मुद्रित झालं, पण चित्रपटातून गाळलं गेलं, असं त्यांनी स्वतः सांगितलेलं आहे. का गाळलं, यावर जे सांगितलं जातं ते तर्कच समजावेत.

त्याच वर्षी २४ एप्रिलला वडील मास्टर दीनानाथ गेले आणि घराचा भार थोरल्या मुलीवर आला. मास्टर विनायकांच्या आधाराने 'नवयुग' चित्रपटसंस्थेच्या 'पहिली मंगळागौर'मध्ये तिला छोटी भूमिका मिळाली. गाण्याचं संगीत दादा चांदेकरांचं. इथे पुराव्याची जात बदलते, कारण गाणारी मुलगी पडद्यावर स्वतःच्याच चेहऱ्याने उभी आहे. पहिलं गायलेलं गाणं 'किती हसाल'चं आणि लोकांपर्यंत पोचलेलं पहिलं 'पहिली मंगळागौर'चं, अशी विभागणी मला सर्वांत सुरक्षित वाटते.

पुढचा दुवा 'गजाभाऊ'. चित्रपट मराठी, पण लताबाईंचं त्यातलं गाणं हिंदी. साल कुठे १९४३ दिलेलं दिसतं, कुठे १९४४. एक ध्वनिमुद्रणाचं आणि दुसरं प्रदर्शनाचं असू शकेल. हा माझा अंदाज. हिंदी चित्रपटातलं पहिलं पार्श्वगायन मात्र 'आप की सेवा में' या १९४७च्या चित्रपटातलं, संगीत दत्ता डावजेकरांचं. त्याचा दिग्दर्शक कोण? तेच वसंत जोगळेकर, ज्यांच्या चित्रपटातून पाच वर्षांपूर्वी या मुलीचं गाणं गळालं होतं. दोन श्रेयनामावल्या शेजारी ठेवल्याशिवाय हे ध्यानात येत नाही.

नोंदींची ही किरकिर कशासाठी? १९७४च्या गिनेस बुकाने लताबाईंच्या नावावर २५,००० गाणी मांडली. मोहम्मद रफींनी त्यावर हरकत घेतली आणि पुढे ती नोंद वगळली गेली. विश्वास नेरूरकरांनी गाणं गाणं टिपून १९८९पर्यंतची यादी केली, तेव्हा हिंदी चित्रगीतं भरली पाच हजारांच्या थोडी वर. थोरवी तसूभरही कमी झाली नाही, आणि आकड्याला पाया मिळाला. कानपूरच्या हरमंदिर सिंह 'हमराज़' यांचा 'हिंदी फिल्म गीतकोश'ही अशाच वेचणीतून उभा राहिला. त्यात चित्रपटगृहाबाहेर विकल्या जाणाऱ्या गाण्यांच्या पातळ पुस्तिकांचा मोठा आधार आहे.

या पुस्तिका चित्रपट लागण्याआधी छापून तयार ठेवाव्या लागत. म्हणूनच ऐन वेळी गाळलेलं गाणंही त्यांत राहून गेलेलं असू शकतं. लातूर-नांदेड रस्त्यावरच्या कुठल्या जुन्या वाड्यात, पेटीच्या तळाशी, १९४२चं 'किती हसाल'चं पुस्तक निघालं, तर ते रद्दीत घालू नका. आधी त्याच्या प्रत्येक पानाचं छायाचित्र काढा, मलपृष्ठासकट.