काळी ज्वारी आणि फ्युमोनिसिन : दख्खनमधील १९९५ च्या विषबाधेचा इतिहास

खरीप ज्वारीला कापणीच्या तोंडावर पाऊस लागला की कणसे काळी पडतात. छत्रपती संभाजीनगरसह मराठवाड्यातील शेतकऱ्यांना हा अनुभव नवा नाही. तथापि त्याकडे प्रामुख्याने बाजारभावाचा प्रश्न म्हणून पाहिले गेले. ही दृष्टी अपुरी असल्याचे १९९५ मध्ये स्पष्ट झाले.

त्या वर्षी आंध्र प्रदेश व कर्नाटकातील काही गावांत पावसाने भिजून बुरशी लागलेली ज्वारी व मका खाल्ल्याने पोटदुखी, पोटात गुरगुर आणि अतिसार यांची साथ उद्भवली. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेतील रमेश भट व सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, बाधित घरांतील धान्यात फ्युमोनिसिन बी-१ चे प्रमाण अधिक होते.

दक्षिण आफ्रिकेतील संशोधकांनी हे विष १९८८ मध्ये फ्युझेरियम बुरशीपासून वेगळे केले होते. ही बुरशी ॲसिटेटच्या घटकांपासून कार्बनची लांब साखळी रचते व तिला ॲलॅनिन हे अमिनो आम्ल जोडते. तयार झालेला रेणू पेशीपटलातील स्फिंगोलिपिडांच्या मूळ घटकाशी साधर्म्य राखतो. परिणामी सेरामाइड घडविणारे विकर अडते आणि पेशीपटलाची जडणघडण बिघडते.

भाकरी भाजल्यानेही हे विष पूर्णतः नष्ट होत नाही. साथ खराब धान्य खाणाऱ्या घरांपुरतीच मर्यादित राहिली, ही बाब अर्थपूर्ण आहे. काळे पडलेले धान्य टाकून देणे ज्यांना परवडत नाही, त्यांच्याच ताटात ते येते. म्हणून या विषबाधेचा इतिहास केवळ बुरशीचा नसून दारिद्र्याचाही आहे.